नोंदवहीत ‘कुडा – जुलाबावर’ एवढंच लिहू नका

सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांमधील सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वाचताना तुमच्यापैकी काहींना पहिल्यांदाच कळेल की आपलं नाव अशा एका समितीत आहे. त्यात तुमचा दोष नाही. वरून कागद आला, ग्रामसभेच्या इतिवृत्तात अध्यक्षासह सात नावं लिहायची होती, ती लिहिली गेली. गावातली झाडं-प्राणी आणि त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान एका नोंदवहीत लिहायचं, हे या समितीचं काम; पण ते कसं करायचं हे कुणी बसून समजावलं नाही. मी भीमाशंकरच्या डोंगराखाली, कोकणाच्या बाजूला, एका शाळेत अठरा वर्षं शिकवते आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वैदू, सुईणी, रानभाज्या विकणाऱ्या बाया यांच्या मागे मागे रानात हिंडायची सवय लागली. त्या हिंडण्यात जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

एका सालीपासून सुरुवात करते.

पावसाळा सरत आला होता. शेजारच्या ठाकरवाडीतल्या एका आजी वर्षाची औषधं गोळा करायला निघाल्या होत्या, मी बरोबर गेले. वाटेत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, कुडा दाखवा.’ मी बोट दाखवलं. त्यांनी फांदी खाली ओढली. लांब, बारीक शेंगांची जोडी लोंबत होती आणि दोन्ही शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली होती, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. ‘ह्यो न्हाय. ह्यो काळा कुडा.’ पुढे पंचवीस पावलांवर दुसरं झाड. पानं जवळपास तशीच, शेंगाही जोडीनंच, पण टोकाशी सुट्या. ‘ह्यो.’ मग दोन्ही झाडांच्या सालीचा नखाएवढा तुकडा मला चावायला दिला. पहिल्या सालीनं तोंडाला फारसं काही झालं नाही. दुसरीनं जीभ, टाळू, घसा सगळं कडू करून टाकलं. घरी येऊन गुळाचा खडा चघळला तरी चव जाईना. आजी म्हणाल्या, ‘आता नाही इसरायच्या.’

खरंच विसरले नाही. कॉलेजात तीन वर्षं शिकून मला जे झाड ओळखता आलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या जिभेवर कोरून ठेवलं. बाजारात कुड्याची साल म्हणून काळ्या कुड्याची साल खपवली जाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण फरक कसा ओळखायचा, तोही औषध घ्यायच्या आधी आणि रानात उभं राहून, हे पुस्तकानं मला असं कधी शिकवलं नव्हतं.

साल काढताना त्यांनी झाडाच्या एकाच बाजूनं तळहाताएवढी काढली. ‘गोल काढली तर झाड मेलं.’ जखमेवर ओली माती थापली. बुंध्याशी चार तांदूळ ठेवले, पुटपुटल्या काहीतरी. मागच्या वर्षी ज्या झाडाची काढली होती त्याला हात लावला नाही. ते झाड कुठलं हे त्यांना ठाऊक होतं. ताकात किती वळसे उगाळायची, कुणाला द्यायची आणि कुणाला अजिबात द्यायची नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण सांगतानाच ‘लिहू नका’ असं बजावलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही पाहायला मागितली. कपाटातून काढून दिली, जाड पुठ्ठ्याची, छान बांधलेली. औषधी वनस्पतींच्या तक्त्यात ओळ होती: ‘कुडा – साल – जुलाबावर’. माहिती देणाऱ्याचं नाव या रकान्यात रेघ. दोन पानं पुढे तिवर दिसली. तिवर खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढते. आमच्या गावात अशी म्हातारी माणसं आहेत ज्यांनी आयुष्यात खाडी पाहिलेली नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गावची पानं आमच्या गावाच्या नावावर बांधून आली होती, हे उघड होतं. ज्या वाडीत औषध देणारी तीन घरं आहेत, त्या वाडीचा उल्लेखही नव्हता.

हे असं का झालं, तेही समजून घ्या. जैवविविधता कायदा 2002 चा, त्याचे पहिले नियम 2004 चे. प्रत्येक स्थानिक संस्थेनं समिती नेमायची आणि समितीनं गावकऱ्यांशी बोलून नोंदवही तयार करायची, असं त्यात आहे. लोकांनी आपल्या रानाची नोंद आपणच ठेवावी ही कल्पना माधव गाडगीळांसारख्या माणसांनी 1990 च्या दशकात गावागावांत बसून आकाराला आणली होती. पण पंधरा वर्षं फारसं काही हललं नाही. 2019 मध्ये देशभरात तयार नोंदवह्या सात हजारांच्या घरात होत्या. त्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि त्यानंतर काम राहील त्या राज्याला दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. पुढच्या काही काळात नोंदवह्यांचा आकडा अडीच लाखांच्या पलीकडे गेला. लवादाचा हेतू चांगलाच होता. पण जी वही पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू माणसांबरोबर रानात फिरून भरायची, ती कित्येक ठिकाणी चार दिवसांत टेबलावर भरली गेली.

म्हणून माझं पहिलं मागणं एवढंच आहे की ही वही मिटलेली समजू नका. ती कधीच ‘पूर्ण’ होत नसते. दरवर्षी भर घालायची आणि चुकलेलं दुरुस्त करायचं, हे तुमचं काम आहे आणि ते तुम्हीच करू शकता. गावातल्या वैदूंची माहिती ठेवणं हे 2004 च्या नियमांत समितीचं काम म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेलं होतं. ते वाचा. ग्रामसेवकाकडे प्रत मागा.

आता खरी अडचण सांगते, कारण ती तुम्हालाही येणार आहे. आमच्याकडे वैदू औषधाचं नाव सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो, असं मानतात. पाला चुरगळून देतात, म्हणजे झाड कुठलं ते ओळखू येऊ नये. पुष्कळ शिकलेल्यांना ही अंधश्रद्धा वाटते. मलाही सुरुवातीला वाटायची. आता वाटत नाही. औषध सगळ्यांना कळलं की झाड राहत नाही, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. त्यांच्या भाषेत ते ‘गुण जातो’ असं येतं.

नरक्याचं काय झालं ते आठवा. आंबोली, चंदगड, कोयनेच्या दाट रानात वाढणारं हे झाड. वास असा की नावच नरक्या पडलं. नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. 1972 मध्ये मुंबईत काम करणाऱ्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. त्यापासून बनलेली औषधं आज आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर जगभर वापरतात. किती माणसं त्यांनी जगवली असतील! त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण इथे आमच्या रानात काय उरलं? मागणी आली तशी झाडं बुडापासून तुटली, चिपा करून पोत्यांत भरून गेली, तोडणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळाली आणि पकडला गेला तो तोडणाराच. नरक्याचा हा गुण काही वैदूंनी सांगितलेला नव्हता, तो प्रयोगशाळेत कळला, हे मान्य. तरीही वैदूंनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतलाच.

मग लिहायचंच नाही का? तसंही म्हणवत नाही. 1995 मध्ये हळदीनं जखम भरते या शोधाचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवलं. कशाच्या जोरावर? लिहिलेल्या पुराव्यांच्या. प्रत्येक घरातल्या आजीला हळद ठाऊक होती, पण पेटंट कार्यालयात आजीची साक्ष चालत नव्हती, छापलेला कागद चालत होता. म्हणून नंतर आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती परदेशी भाषांत उतरवून मोठा डिजिटल संग्रह उभा केला. तो फार मोलाचा आहे. पण त्यात आहे ते ग्रंथांतलं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, गोव्यातले वेळीप, धनगरवाड्यावरची म्हातारी यांच्या तोंडी जे आहे, ते ग्रंथात नाही म्हणून त्या संग्रहातही नाही. ते जिथे राहू शकतं अशी कायद्यानं मान्य केलेली जागा एकच, तुमच्या कपाटातली ती वही.

2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती पुढच्या वर्षी लागू झाली. तिचा एक परिणाम तुम्ही नीट लक्षात घ्या. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की रानातला माल वापरणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही लाभाचा वाटा, ते रान आणि ज्ञान सांभाळणाऱ्या लोकांसाठी, द्यावा लागेल. दुरुस्तीनं त्यातून मोठी सूट काढली: ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान वापरलं तर वाट्याचा प्रश्न उरत नाही. गुळवेल, शतावरी, हिरडा, अडुळसा हे सगळं ग्रंथांत आहे. करोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या दीड कोटींच्या वर रकमेच्या ऑर्डरी मिळवल्या, त्याचा मला मनापासून अभिमान वाटला. पण तो पैसा वजनाचा होता. वेल कुठली घ्यायची, कुठल्या झाडावर चढलेली चांगली, कधी तोडायची, या शहाणपणाचा वाटा त्यात नव्हता. ग्रंथ म्हणजे कुठले हेही कायद्यात ठरलेलं आहे; औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली पुस्तकं. तुमची नोंदवही त्या यादीत येत नाही. म्हणजे वैदूनं तुमच्या वहीत सांगितलं म्हणून त्याचं ज्ञान ‘ग्रंथातलं’ होत नाही आणि त्याचा हक्क जात नाही. ही गोष्ट गावात लोकांना सांगा. भीती पुष्कळ कमी होईल.

आणि वनहक्क कायदा 2006 विसरू नका. त्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क स्पष्ट मानलेला आहे. गडचिरोलीतल्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले, मेंढा-लेखाला 2009 मध्ये मिळाले. आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यात हे काम फार मागे आहे.

लिहायचं, पण कसं, यावर दोन गोष्टी सांगते. एक आपल्याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाची, एक फार लांबची.

केरळात अगस्त्यमलाईच्या सदाहरित रानात काणी आदिवासी राहतात. 1987 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांचं एक पथक तिथे चढत होतं, वाटाडे काणी तरुण होते. चढानं शास्त्रज्ञांचा जीव मेटाकुटीला आला आणि ही पोरं ताजीतवानी. मधूनमधून ती कसली तरी छोटी काळपट फळं तोंडात टाकत होती. विचारलं तर सांगेनात. समाजाबाहेर सांगायची मुभा नव्हती. बरंच समजावल्यावर झाड दाखवलं: आरोग्यपच्चा. त्यावर पालोडच्या वनस्पती संशोधन संस्थेत पुष्पांगदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं. 1995 मध्ये ते एका आयुर्वेदिक कंपनीला सात वर्षांसाठी दिलं: दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के. संस्थेनं ठरवलं की यातला अर्धा वाटा काणींचा. 1997 मध्ये काणींचा ट्रस्ट झाला, 1999 मध्ये पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. त्या काळात जगात कुठेच असं फारसं घडलेलं नव्हतं. कायदा नसताना शास्त्रज्ञांनी आपणहून हा वाटा दिला, हे मोठंच.

पण पुढचंही ऐका. काणींच्या वैदूंना ‘प्लाती’ म्हणतात. त्यांच्यातल्या नऊ जणांनी 1995 मध्येच केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हरकत घेतली होती: आमचं ज्ञान खासगी कंपन्यांना विकू नका. ज्ञान सांगितलं होतं वाटाड्या तरुणांनी. ज्यांनी ते सांभाळलं होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नंतर रानातून पानं काढायला वनखात्याची अडवणूक झाली, लागवड नीट उभी राहिली नाही, करार संपला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे त्या नऊ जणांचं पत्र. पैशाची वाटणी किती न्यायाची यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ‘विचारलं कुणाला?’ हा प्रश्न त्या नऊ जणांनी विचारला. तुम्ही माहिती घ्यायला वाडीत जाल तेव्हा रस्त्यात भेटेल त्या हुशार पोराकडून झाडांची नावं लिहून घेऊ नका. औषध देणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा. तो किंवा ती नाही म्हणाली, तर ‘सांगण्यास नकार’ असं लिहा आणि तो नकारही मान देऊन नोंदवा.

दुसरी गोष्ट पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या ॲमेझॉनच्या रानातली. तिथे मात्सेस नावाचे लोक राहतात. त्यांचे बहुतेक जाणते वैदू म्हातारे झाले होते आणि शिकणारा कुणी उरला नव्हता. मिशनऱ्यांच्या काळात ती विद्या टाकाऊ ठरवली गेली होती. 2015 मध्ये पाच वैदूंनी एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं पाचशे पानांचा औषधांचा ज्ञानकोश पुरा केला. तो फक्त मात्सेस भाषेत आहे. स्पॅनिशमध्ये नाही, इंग्रजीत नाही. वनस्पतींची शास्त्रीय नावं दिलेली नाहीत, बाहेरच्याला झाड ओळखता येईल असे फुलांचे फोटोही नाहीत. ज्याला मात्सेस भाषा आणि मात्सेस रान दोन्ही येतं, त्यालाच तो उघडतो. आणि हे मला सगळ्यात पटलं: त्यांनी कोश लिहून काम संपवलं नाही, वैदूंबरोबर तरुण शिकाऊ जोडून दिले, रानात फिरायला, पाला तोडायला, आजाऱ्याशेजारी बसायला.

आपल्यालाही हे जमेल. ठाकरी, कातकरी बोली आपल्याच मुलांना येतात आणि देवनागरीत लिहिता येतात. वहीचा औषधांचा भाग त्या त्या बोलीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा. चुरगळलेल्या पानाचा वास ‘शिळ्या ताकावानी’ असं आजी म्हणाल्या तर तसंच लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण ती फाईल पंचायतीच्या बाहेर जाऊ देऊ नका. जे सांगणाऱ्याला गुप्त ठेवायचं आहे ते वेगळ्या बंद भागात ठेवा. त्याची किल्ली समितीच्या अध्यक्षाकडे नको, सांगणाऱ्याच्या घराकडे असू दे. तालुक्याला किंवा जिल्ह्याला प्रत पाठवायची तर बंद भाग वगळून. कुणी संशोधक, कुणी कंपनीचा माणूस, कुणी माझ्यासारखी हौशी बाई आली, तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एक पान दाखवू नका.

आणि नाव लिहा. त्या रकान्यातली रेघ मला अजून टोचते. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीच्या डच गव्हर्नरनं मलबारच्या 742 वनस्पतींची माहिती बारा खंडांत छापवली. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात माहिती देणाऱ्यांच्या साक्षी त्यांच्याच लिपीत छापल्या आहेत: इट्टी अच्युतन या एळवा वैद्याची, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी वैद्यांची, देवनागरीत, 1675 सालची. परक्या देशाच्या व्यापारी सत्तेनं, स्वतःच्या फायद्यासाठी काम करताना, माहिती देणाऱ्याचं नाव आणि त्याच्या जातीचा मान कागदावर ठेवला. झाडांवर चढून फुलंफांद्या आणून देणाऱ्यांची नावं मात्र त्यांनीही ठेवली नाहीत. आपण ती दोन्ही ठेवूया. ज्याला नाव नको असेल त्याचं सोडून. 2024 च्या मे महिन्यात जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला; तो अमलात आला की पेटंट मागणाऱ्याला ज्ञान कुठल्या समूहाकडून घेतलं ते सांगावं लागेल. उद्या ते तपासायची वेळ आली तर तुमच्या वहीतलं नाव आणि तारीख हाच पुरावा असेल.

वही नीट झाली तरी अर्धंच काम झालं, हेही सांगून टाकते. आमच्या देवराईत गारंबीची एकच वेल होती, मांडीएवढी जाड, हात-हातभर लांब शेंगांची. आजी पडलेल्या शेंगेतलंच बी उचलायच्या. सुजेवर उगाळून लावायला ते वाडीत घरोघरी असायचं. रस्ता रुंद करताना ती वेल तोडली गेली. कंत्राटदारानं तोडली, देखरेख करणाऱ्यांनी पाहिली, आम्ही उशिरा पोचलो. वहीत गारंबी आहे. रानात नाही. आजी आता बी कुठून आणणार? त्यांच्या नातीला त्या वेलीची जाडी हातांनी दाखवतात आणि ती हसते, तिला खोटं वाटतं.

तुमच्या शिवारातली अशी एकेक झाडं, वेली, देवराया कुठे आहेत ते गावाच्या नकाशावर उतरवा आणि रस्ता, खाण, रिसॉर्ट, पवनचक्की, काही यायचं झालं की तो नकाशा पहिल्यांदा टेबलावर ठेवा. भीमाशंकर, कोयना, चांदोली, राधानगरीला अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं आहेत, काहींना 2012 पासून जागतिक वारसाही म्हणतात. तिथे उलटा प्रश्न आहे: रान वाचलं, पण वैदूला मूठभर मुळ्या आणायला चोरासारखं जावं लागतं. एका म्हाताऱ्या महादेव कोळी वैदूनं मला सांगितलं की आता औषधाला जाताना तो सरपणाची मोळी बरोबर आणतो, अडवलं तर मोळी टाकून द्यायची आणि औषध कमरेला खोचलेलं वाचवायचं. वनहक्काखाली वैदूंचा रानात जायचा हक्क नावानिशी मागा, अभयारण्यात असलात तरी मागा.

शिकाऊंसाठी थोडा पैसा लागेल. कायद्यानं प्रत्येक समितीला स्थानिक जैवविविधता निधी ठेवता येतो आणि शिवारातून व्यापारासाठी नेल्या जाणाऱ्या मालावर शुल्क घेता येतं. हिरड्याचे, शिकेकाईचे टेम्पो आपल्या नाक्यावरून जातात ते तुम्ही रोज बघता. त्यातून वर्षाला दोन मुलींना आणि दोन मुलांना वैदूंबरोबर फिरायचा भत्ता निघाला तर पुष्कळ झालं. वैदू पैसे घेत नाहीत, नारळ आणि पसाभर तांदूळ घेतात. तो मान तसाच ठेवा. भत्ता शिकणाऱ्याला द्या, कारण त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते. आजींच्या थोरल्या नातवाला शिकायचं होतं. तो वीटभट्टीवर गेला.

झाडपाल्याचं सगळंच खरं असतं असं मी म्हणत नाही. साप चावला तर सरळ दवाखान्यात, लस तिथेच आहे. आमच्या आजीही हेच सांगतात आणि वाडीतल्या दोघांना त्यांनी स्वतः गाडीत बसवून पाठवलं आहे. कळलावीचा कंद चुकीच्या हातात गेला तर जीव घेतो. म्हणूनच तर मला ‘अमुक झाड – तमुक रोगावर’ या ओळीची भीती वाटते. त्या ओळीत प्रमाण नाही, ओळख नाही, ‘याला देऊ नको’ नाही. कुणी ती वाचून काळा कुडा उगाळला तर गुण येणार नाही. कळलावी उगाळली तर माणूस जाईल आणि दोष वैदूला लागेल.

आमच्या गावच्या समितीला एक वेगळी विनंती आहे, ती इथेच करते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नोंदवहीच्या दुरुस्तीचा विषय घ्या. तिवरीचं पान त्या दिवशी काढून टाका. तेव्हा कुड्याला शेंगा असतात. मी दोन्ही कुड्यांच्या फांद्या घेऊन येईन, सगळ्यांनी साल चावून बघायची. आजी यायला तयार आहेत, काय सांगायचं आणि काय नाही ते त्या ठरवतील. त्यांच्या गुडघ्यांना आता पंचायतीचा चढ झेपत नाही, तेव्हा सभा खालच्या देवळात ठेवलीत तर बरं होईल.

आपली,
डोंगराखालच्या शाळेतली एक शिक्षिका